सोलापूरहून थेट बर्फाच्या वादळात: पहिल्या हिवाळ्याआधी वाचून ठेवा

जून-जुलै आला की आमच्याकडे अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींची ये-जा सुरू होते. कुणाला मिनेसोटात प्रवेश मिळालेला असतो, कुणाला बफेलोत, कुणाला शिकागोकडे. प्रश्न ठरलेले असतात. कुकर किती लिटरचा न्यायचा, काळा मसाला किती न्यायचा, स्वेटर इथून घ्यायचा का. बर्फाच्या वादळाबद्दल मुलं विचारत नाहीत. आई विचारते, आणि मुलगा तिला गप्प करतो, "अगं, तिथं घराघरात हीटर असतो."

असतो. वीज असेपर्यंत.

मी मिनेसोटात बरेच हिवाळे काढून सोलापुरात परत आलोय, म्हणून हे लिहून ठेवतोय. हिवाळी वादळात जीव जातात ते बहुतेक वेळा थेट वादळाने जात नाहीत. गाडी घसरते, बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येतो, माणूस गार हवेत फार वेळ अडकतो, किंवा ऊब मिळावी म्हणून घरात नको ते पेटवतो. म्हणजे घात होतो तो सवयीने आणि घाईने. आपल्या सवयी घडल्या त्या त्रेचाळीस अंशाच्या उन्हात. दुपारी बाहेर पडू नये, डोक्याला पंचा बांधावा, हे कुणी शिकवावं लागत नाही. थंडीतलं मात्र एकूण एक शिकावं लागतं, कारण आपली थंडी म्हणजे जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे घालायचा एक स्वेटर.

१. आधी आकडे आणि इशारे वाचायला शिका

तिथलं हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात. मोबाइलवर ३० दिसलं की आपल्या डोक्यात सोलापूरची फेब्रुवारीतली दुपार येते. पण पाणी गोठतं ३२ फॅरनहाइटला, म्हणजे ३० हे शून्याच्याही खाली. पहिले काही महिने मोबाइलमध्ये सेल्सिअस ठेवा, पण घरातला थर्मोस्टॅट (हीटरचं तापमान ठरवायचं भिंतीवरचं यंत्र) आणि रेडिओवरच्या बातम्या फॅरनहाइटमध्येच बोलतात, त्यामुळे दोन्ही जमलं पाहिजे. उणे ४० ला दोन्ही मापं एक होतात. तिथपर्यंत वेळ येऊ नये, पण उत्तर मिनेसोटात येते.

तापमानाच्या शेजारी 'फील्स लाइक' म्हणून दुसरा आकडा असतो. तो वाऱ्याचा हिशोब धरून काढलेला असतो आणि घराबाहेर पडताना बघायचा तोच. शून्य फॅरनहाइट तापमान (उणे १८ सेल्सिअस) आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर अंगाला ते उणे २८ सेल्सिअसइतकं लागतं, आणि उघडी कातडी साधारण अर्ध्या तासात गोठू शकते. अर्धा तास म्हणजे चुकलेल्या बसनंतर दुसऱ्या बसची वाट बघण्याएवढा वेळ.

इशारे देते ती नॅशनल वेदर सर्व्हिस. शब्द तीन आहेत. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीला लागा. 'ॲडव्हायझरी' म्हणजे त्रास होणार, जपून राहा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ आलंय किंवा येतंच आहे, आता घर सोडू नका. नवी मुलं 'वॉच' कडे दुर्लक्ष करतात आणि 'वॉर्निंग' आल्यावर दुकानात पळतात. तोवर ब्रेड, दूध आणि टॉर्चचे सेल संपलेले असतात. खरेदीची वेळ 'वॉच' ची.

'ब्लिझर्ड' हा शब्द वेगळा. वारा किंवा झोत ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त, उडत्या बर्फाने पाव मैलापलीकडचं दिसेनासं, आणि हे किमान तीन तास, असं असेल तर ब्लिझर्ड. बर्फ किती पडला याचा त्यात हिशोब नाही. आधी पडलेला बर्फ नुसता वाऱ्याने उडाला तरी ब्लिझर्ड होतं. सीनियर मुलं 'विंड चिल वॉर्निंग' म्हणतील, ते नाव ऑक्टोबर २०२४ पासून बदललंय. आता 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग' असं येतं.

"मी टेक्सासला चाललोय, तिथं आपल्यासारखंच ऊन असतं" म्हणणाऱ्यांनीही पुढचं वाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीची लाट आली, विजेची यंत्रणा कोलमडली, ४५ लाखांच्या आसपास घरं अंधारात गेली आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं मेली. जिथं बर्फाची सवय नाही तिथली घरं, नळ आणि माणसं जास्त कच्ची असतात.

२. सोलापुरातून काय न्यायचं

जाड जॅकेट आणि बूट इथून घेऊ नका. आपल्याकडे मिळणारं जॅकेट महाबळेश्वरला पुरतं. बूट तर तिथलेच हवेत: पाणी आत न येणारे, तळ खडबडीत, घोट्याच्या वर येणारे आणि आत जाड मोजा मावेल इतके सैल. घट्ट बुटात पाय लवकर गार पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगली जॅकेटं स्वस्तात मिळतात, विद्यापीठात सीनियर जाताना देऊनही जातात.

इथून नेण्यासारख्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली, कडक भाकरी. गंमत नाही करत. वीज गेली की तिथल्या बहुतेक अपार्टमेंटमधली शेगडी बंद पडते, कारण ती विजेची असते. मग पीठ, तांदूळ, डाळ सगळं असून उपाशी. आपली कडक भाकरी शिजवायची नाही, गरम करायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही; कोरडी राहिली तर महिनोन् महिने टिकते. सोबत शेंगाची चटणी. मूठभर चटणीत तेल आणि दाणे असल्याने थंडीत लागणारी ताकद मिळते. पॅक करताना भाकऱ्यांची थप्पी हवाबंद डब्यात उभी घाला आणि फटीत टॉवेल कोंबा, नाहीतर पोचेपर्यंत चुरा होतो. (चुराही चटणी-दह्यात कालवून चालतो.) विमानतळावर खाण्याचं जे काही असेल ते जाहीर करा, लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर काढून घेतात. ताजी फळं, भाज्या, बिया नेऊच नका. आणि एक, रूममेटला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे विचारून मग डबा उघडा. तिकडे ती जिवावर बेतेल इतकी तीव्र असू शकते.

दुसरी, पांघरुणं. सोलापुरी चादर घरात उत्तम: वजनाला बरी, दोन जोडून घेतल्या तर झोप लागते, खिडकीला टांगली तर काचेतून येणारा गारवा अडतो. पण ती सुती आहे. ओली झाली की ऊब देण्याऐवजी अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून बाहेर जाताना ती अंगाभोवती घ्यायची नाही. बाहेरच्या किंवा गाडीतल्या कामाला घोंगडं. सांगोला-मंगळवेढ्याकडचं मेंढीच्या लोकरीचं घोंगडं टोचतं, वास मारतं, रूममेट नाक मुरडतात, पण लोकर दमट झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. बॅगेत वजन खातं हे खरं. तुम्ही गाडी घेणार असाल तर न्या, नसाल तर राहू द्या.

तिसरी, औषधं. नेहमीची गोळी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या, आणि हिवाळाभर घरात एक-दोन आठवड्यांचा साठा राहील असं बघा.

नेऊ नका: पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक शेगडी, विजेचं गरम पांघरूण, इथला हीटर. तिथं वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. साधा पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून व्होल्ट बदलत नाहीत.

३. कपडे तीन थरांत

एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. अंगाला चिकटून सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, मध्ये फ्लीस (मऊ, लवदार सिंथेटिक कापड) किंवा स्वेटर, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. अंगाला चिकटून सुती बनियन नको. चालताना घाम येतो, बनियन ओलं होतं आणि थांबलात की थंडी त्यातूनच शिरते. जीन्सचंही तेच. पाचही बोटं वेगळी असणाऱ्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त ऊब देतात. कान झाकणारी टोपी, गळ्याभोवती मफलर. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि नेमकी मदत मागायच्या वेळी स्क्रीन काळी होते.

४. घर ताब्यात घेताना

चावी मिळाली की पहिल्या आठवड्यात, ऊन असताना, हे बघून घ्या.

छताला किंवा भिंतीला धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा (काही जळताना निघणारा विषारी वायू, पुढे सांगतो) अलार्म आहे का, बटण दाबल्यावर वाजतो का. नसेल तर घरमालकाला ईमेल करा. तोंडी सांगू नका. त्याने वेळ लावला तर सेलवर चालणारा स्वतः आणा. फोडणीच्या धुराने वाजतो म्हणून अलार्मचा सेल काढून ठेवायची आपल्या मुलांत फार खोड आहे. तो सेल परत बसवायचा राहतो, आणि मग त्या अलार्मचा काही उपयोग नाही.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारा. पाइप फुटला तर तोच बंद करायचा असतो. अपार्टमेंटमध्ये तो तुमच्या हातात नसेल तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर भिंतीवर चिकटवा.

भाडेकरूचा विमा, ज्याला तिथं 'रेंटर्स इन्शुरन्स' म्हणतात, घ्या. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो. पाइप फुटून तुमचा लॅपटॉप भिजला तर त्याचा पैसा घरमालकाच्या विम्यातून येत नाही. पॉलिसी घेताना पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात धरलंय का, तेवढं वाचा.

विद्यापीठाच्या आपत्कालीन मेसेजसाठी नंबर नोंदवा. वर्ग रद्द, बस बंद, हे तिथंच आधी कळतं.

कागदपत्रं एका झिप लावायच्या प्लॅस्टिक पिशवीत, दाराजवळ: पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला कागद), आय-९४ ची (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) छापील प्रत, आरोग्य विम्याचं कार्ड, घराचा करार, भाडेकरू विम्याची पॉलिसी, औषधांची चिठ्ठी, आणि कागदावर हाताने लिहिलेले चार-पाच फोन नंबर. सगळ्याचे फोटो काढून ईमेलमध्येही ठेवा.

५. 'वॉच' लागला: हाताशी असलेले दोन दिवस

पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरून निदान तीन दिवसांचं भरा. टबही भरून ठेवा, ते संडासाला. उंच इमारतीत पंप बंद पडला की पाणी थांबतं, हे आपल्याला तरी सांगायला नको. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी आलेलं बघतच मोठे झालो आपण. भांडी-बादल्या भरून ठेवायची ही आपली सवय मात्र तिथं सोन्यासारखी कामाला येते.

शिजवल्याशिवाय खाता येईल असं: कडक भाकरी, चटणी, पीनट बटर, ब्रेड, केळी, सुकामेवा, डब्यातलं कडधान्य आणि डबा फोडायचं हाताचं ओपनर. ते विसरलं तर डबे नुसते बघत बसायचं.

टॉर्च आणि सेल. पॉवरबँक पूर्ण चार्ज. सेलवरचा छोटा रेडिओ. औषधं. वादळाच्या रात्री झोपण्याआधी थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ठेवा. सकाळी वीज नसेल तर तोच चहा.

गाडी असेल तर टाकी भरा. गाडी रस्त्यावर लावत असाल तर शहराचा नियम बघा. मिनियापोलिसमध्ये 'स्नो इमर्जन्सी' जाहीर झाली की तीन दिवस रोज वेगळ्या ठिकाणी गाडी लावायची बंदी असते, म्हणजे बर्फ ओढणाऱ्या यंत्रांना जागा मिळते. न हलवलेली गाडी उचलून नेतात आणि ती सोडवायचा खर्च महिन्याच्या किराण्याला जड जातो.

नळ गोठू नयेत म्हणून: बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपपर्यंत पोचते, आणि नळ बारीक धारेने किंवा थेंब-थेंब चालू ठेवा. पाणी वाया चाललं म्हणून जीव तुटेल, तुटू द्या.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. डिसेंबरच्या सुट्टीत मुलं भारतात येतात किंवा दुसऱ्या शहरात मित्राकडे जातात, आणि बिल वाचवायला हीटर पूर्ण बंद करून जातात. परत येतात तेव्हा पाइप फुटून घरभर पाणी, खालच्या भाडेकरूचं छत गळतंय. घर रिकामं असलं तरी थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या (१३ सेल्सिअस) खाली नेऊ नका.

६. वीज गेली तर

हा भाग घाईत वाचू नका.

सोलापुरातल्या घरात दाराखाली बोटभर फट असते, खिडकीवर झरोका असतो, स्वयंपाकघरात जाळी असते. हवा कुठून ना कुठून येतेच. तिथलं घर मुद्दाम बंदिस्त बांधलेलं असतं: काच दुहेरी, दाराच्या कडेला रबर, फट म्हणून कुठे नाही. अशा घरात कोळसा, लाकूड, गॅस, पेट्रोल, काहीही जळलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखायला लागतं, गरगरतं, मळमळतं, ताप नसताना फ्लूसारखं वाटतं, झोप येते. झोपेत असलेल्या माणसाला हे काही कळतच नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या उत्तर भारतातून दर थंडीत येतात. अमेरिकेत वीज गेली की हेच होतं, फक्त शेगडीच्या जागी बार्बेक्यू किंवा जनरेटर असतो.

म्हणून घरात, बाल्कनीत, गॅरेजमध्ये बार्बेक्यू पेटवायचा नाही. गॅसची शेगडी असेल तर तिच्यावर स्वयंपाक करा, पण खोली तापवायला ती किंवा ओव्हन चालू ठेवू नका. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांब, खिडक्या-दारांकडे तोंड न करता. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी चालू ठेवून बसू नका. अलार्म वाजला, किंवा घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, तर चर्चा न करता बाहेर पडा आणि ९११ ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करा. बाहेर थंडी आहे म्हणून आतच थांबलो, असं नको.

वीज असताना वापरायचा छोटा हीटर पलंग, पडदा, कपड्यांपासून तीन फूट लांब ठेवा आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. एक्स्टेन्शन बोर्ड तापून पेटतो. मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च. देवासमोर निरांजन लावायचं असेल तर लावा, पण तुम्ही समोर बसलेले असेपर्यंतच. अंधारात, चारी बाजूंनी पांघरुणं पसरलेल्या खोलीत उघडी ज्योत ठेवून झोपू नका.

मग ऊब कशी धरायची? सगळ्यांनी एकाच छोट्या खोलीत यायचं, शक्यतो जिथं दिवसा ऊन येतं तिथं. बाकी दारं बंद, दाराखाली टॉवेलची गुंडाळी. खिडकीवर चादर. जमिनीवर गादी, गादीवर सगळे. अंगावर थर, डोक्याला टोपी, पायात कोरडे मोजे. थोड्या-थोड्या वेळाने खा, कारण शरीर खाण्यातूनच उष्णता काढतं. अधूनमधून हात-पाय हलवा, पण घाम येईपर्यंत नाही. दारूने गरम वाटतं ते कातडीकडे रक्त धावल्यामुळे. आतली ऊब उलट लवकर जाते.

घर फारच गार पडलं तर २११ ला, म्हणजे स्थानिक मदतीची माहिती देणाऱ्या नंबरला, फोन करा. जवळचं 'वॉर्मिंग सेंटर', म्हणजे लोकांना ऊब मिळावी म्हणून उघडलेली जागा, कुठे उघडलंय ते तिथून कळतं. ग्रंथालय, शाळा, चर्च, कुठेही असू शकतं, आणि तिथं जायला लाज वाटायचं कारण नाही. रस्ते बंद व्हायच्या आत जा.

७. बाहेर पडावंच लागलं तर

डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोत नाताळच्या तोंडावर ब्लिझर्ड आलं. बफेलो ज्यात येतं त्या एरी काउंटीत (जिल्ह्यात) चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यात गाडीत अडकलेले होते, रस्त्यात सापडलेले होते, बर्फ उपसताना कोसळलेले होते, घरात गारठलेले होते. बर्फाची आयुष्यभर सवय असलेलं शहर ते. त्यामुळे "एवढ्यात जाऊन येतो" हे वाक्य तोंडातून निघालं की थांबा.

पायी चालताना सर्वात फसवा तो 'ब्लॅक आइस': डांबरावरचा पारदर्शक बर्फाचा पापुद्रा, नुसता ओला रस्ता वाटतो. पंढरपूरच्या घाटावर शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना आपण चालतो तसं चाला: छोटी पावलं, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर.

गाडीत हे ठेवा: काच खरवडायचा स्क्रेपर, फावडं, जंपर केबल (उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीवरून चालू करायची वायर), घोंगडं, टॉर्च, खायचं-प्यायचं, चाकाखाली टाकायला वाळू किंवा मांजराच्या पेटीत घालतात ती रेती, आणि एक भडक रंगाचं फडकं. काचेवरचा बर्फ जावा म्हणून उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. सपाट रस्ता नीट वाटला म्हणून पुलावर वेग ठेवू नका.

गाडी बर्फात अडकली तर गाडीतच थांबा. लांबवर दिसणारा दिवा जवळ वाटतो, पण उडत्या बर्फात दहा पावलांवर दिशा हरवते. भडक फडकं अँटेनाला किंवा दाराला बांधा. सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ आधी काढा, मग तासाला साधारण दहा मिनिटं इंजिन चालवा, आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सायलेन्सर बुजलेला असताना इंजिन चालवलं तर तोच विषारी वायू गाडीत येतो. ही गोष्ट तिथं वाढलेली माणसंही विसरतात.

८. अंग गारठलं तर

नाक, कान, बोटं, गाल आधी गोठतात. तिथल्या पत्रकांत 'कातडी लाल होते, मग पांढरी पडते' असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते तसं दिसत नाही. भाग करडा, फिकट, मेणचट दिसतो आणि हाताला कडक लागतो. दुखायचं थांबलं, बधिर झालं, हे बरं लक्षण नाही. आत या. चोळू नका, बर्फ लावू नका, हीटरसमोर धरू नका. बधिर भाग भाजलेला कळत नाही. कोमट पाण्यात ठेवा, कोपराला सोसेल इतपत. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर मात्र तो भाग वितळवू नका, पुन्हा गोठला तर जास्त खराब होतो.

शरीराचं तापमान ३५ सेल्सिअसच्या खाली गेलं की प्रकरण गंभीर. माणूस कुडकुडतो, बोबडी वळते, हातातलं पडतं, काहीतरी असंबद्ध बोलतो, पेंगायला लागतो. पुढे कुडकुडणं थांबतं, ते जास्त वाईट. ९११ लावा, ओले कपडे काढा, आधी छाती-पोट-मान गरम करा, हात-पाय नंतर. शुद्धीत असेल तर कोमट गोड पेय द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

९. वादळ गेल्यावर

लख्ख ऊन पडतं, बर्फ चमकतो, सगळे फोटो काढायला बाहेर येतात. त्याआधी घराच्या बाहेरच्या भिंतीला घर तापवणाऱ्या भट्टीच्या हवेचे पाइप असतात ते बर्फाखाली गेलेत का बघा. बुजले असतील तर मोकळे करा, नाहीतर वायू आत मागे फिरतो.

बर्फ उपसायला जड कष्ट लागतात. थंडीत रक्तवाहिन्या आखडलेल्या, त्यात फावड्याचं वजन, त्यामुळे दर हिवाळ्यात लोक यातच जातात. थोडा-थोडा ढकला, उचलू नका. आई-बाबा आलेले असतील तर त्यांच्या हातात फावडं देऊ नका. "एवढंसं तर आहे" म्हणून सासरे बाहेर पडतात आणि कुणाला सांगतही नाहीत. त्यांचा पहाटेचा फेरफटकाही त्या आठवड्यात मॉलमध्ये.

फ्रीज बंद राहिला तर चार तास आतलं चालतं, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यापुढचं दूध, शिजवलेलं अन्न टाकून द्या. बाहेर बर्फ आहे म्हणून अंगणात ठेवायची युक्ती सगळ्यांना सुचते. दुपारच्या उन्हात ते गरम होतं आणि प्राणीही येतात.

१०. सोलापुरात बसलेल्या आई-बाबांसाठी

हिवाळ्यात न्यूयॉर्क-बफेलोकडे आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतात, शिकागो-मिनेसोटा-टेक्सासकडे साडेअकरा. तुमची दुपार म्हणजे तिथली मध्यरात्र. टीव्हीवर वादळाची बातमी लागली की आधी नकाशात राज्य बघा. अमेरिका फार मोठी आहे, डॅलसच्या वादळाने बफेलोतल्या पोराला काही होत नाही.

वीज गेलेली असताना व्हिडिओ कॉल करू नका. मामा, आत्या, काकू सगळ्यांनी एकेक फोन केला तर मुलाची बॅटरी तुमच्या काळजीनेच संपते. एकच माणूस ठरवा, त्यालाच मुलगा सकाळ-संध्याकाळ दोन शब्दांचा मेसेज करील, आणि तो बाकीच्यांना कळवील. नेटवर्क कमकुवत असलं तरी मेसेज जातो, कॉल जात नाही.

मुलगा निघायच्या आधीच वहीत लिहून घ्या: अपार्टमेंट नंबरसकट पूर्ण पत्ता, दोन रूममेटचे नंबर, इमारतीच्या ऑफिसचा नंबर, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा आणि विद्यापीठ पोलिसांचा नंबर. पोलिसांचा पूर्ण दहा आकडी नंबर हवा, कारण सोलापुरातून ९११ लावला तर तो अमेरिकेत जात नाही. ठरलेला मेसेज आला नाही तर आधी रूममेट, मग इमारतीचं ऑफिस. तिथूनही काही कळलं नाही तर विद्यापीठ पोलिसांना फोन करून 'वेलफेअर चेक' हवाय एवढं सांगा, आणि वहीतला पत्ता सावकाश वाचून दाखवा. ते दारापर्यंत जाऊन बघून येतात.